नक्कल

कौशल्येने विचारलेला प्रश्न साधा होता, आणि देवमनला त्याचं उत्तर येत होतं. तरी तो थांबला. खडू बोटांत तसाच राहिला आणि प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गातली साठ मुलं, आता सर पुढे काय लिहितात म्हणून, फळ्याकडे बघत बसली. फळ्यावर त्याने दोन चित्रं काढली होती. डावीकडे मोठा गोल, त्याच्या पोटात लहान गोल. उजवीकडे नुसता एक लांबट आकार, आत काहीच नाही, फक्त एक गुंतलेला दोरा. अभ्यासक्रमात हे नव्हतं. अभ्यासक्रमात बेडूक होता, झुरळ होतं, जास्वंदीचं फूल होतं. पण अमरावतीच्या त्या कॉलेजच्या वाचनालयात सहा-सहा महिने उशिराने का होईना, परदेशी मासिकं येत, आणि देवमन ती वाचून काढी. मग जे वाचलं ते मुलांना सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. हा एक त्याचा दोष होता आणि प्राचार्यांनी तो त्याला दोनदा हसत हसत सांगितला होता.

तो म्हणाला होता, तुम्ही-आम्ही, झाडं, बेडूक, अगदी भाकरीवरची बुरशीसुद्धा, यांच्या पेशीत एक कचेरी असते. तिला केंद्रक म्हणतात. तिच्यात मूळ कागद असतात. मूळ कागद कचेरीबाहेर जात नाही, हा नियम. लागेल त्या कागदाची आत नक्कल होते आणि ती नक्कल दारातून बाहेर जाते. बाहेर वाचणारे बसलेले असतात. ते ती वाचतात आणि लिहिलं असेल तसं प्रथिन जुळवतात. लिहिणं आत, वाचणं बाहेर; मध्ये भिंत आणि मध्ये वेळ. शिवाय, असं दिसून आलंय की, आत होणाऱ्या नकलांपैकी पुष्कळशा बाहेर येतच नाहीत. आतल्या आत तयार होतात आणि आतल्या आत मोडतात. का, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही. आता जिवाणू बघा. त्याला कचेरी नाही, भिंत नाही. मूळ कागद अंगणातच पडलेला. तिथे नक्कल सुरू झाली की वाचणारे धावत येतात. खाली लिहिणाऱ्याचा हात चालूच असतो आणि वरच्या ओळी वाचून कामही सुरू झालेलं असतं. असं असावं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. डोळ्यांनी अजून कुणी पाहिलेलं नाही.

तेव्हा कौशल्या उभी राहिली. अंजनगाव सुर्जीची मुलगी, अंगाने किरकोळ, प्रश्न विचारताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. ती म्हणाली, "सर, मग जिवाणूत नक्कल चुकली तर? वाचणारा तर आधीच वाचून मोकळा."

ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, असं देवमनला सांगता आलं नाही. घंटा झाली. "सोमवारी सांगतो," तो म्हणाला, आणि फळा स्वतःच पुसू लागला.

कचेरीचा दाखला त्याला कुठून शोधून आणावा लागला नव्हता. त्याचे वडील पुंजाजी अकोल्याच्या कचेरीत नक्कल खात्याचे चपराशी होते. कोर्टाच्या हुकमाची नक्कल तयार झाली की दाराशी उभं राहून ती घ्यायची आणि बाहेर नेऊन द्यायची, एवढं काम. दप्तरखान्याच्या उंबरठ्याच्या आत ते अकरा वर्षांत गेले नाहीत. आधी जाऊ दिलं नाही म्हणून, आणि नंतर कुणी अडवत नसतानाही पाय उचलला नाही म्हणून. वाचता येत नव्हतं. पण कागदाच्या वजनावरून आणि कारकुनाच्या तोंडावरून, आत कुणाचं घर बुडालं आणि कुणाचं तरलं, हे आपल्याला समजतं असं ते म्हणत. एकदा त्यांनी एका म्हातारीला हसत हसत कागद दिला आणि तिच्या पोराची फाशी कायम झालेली निघाली. त्यानंतर ते कुणालाही कागद देताना हसले नाहीत. लहानपणी देवमनला वाटे, बापाला आपल्यावरच राग आहे. ते पन्नास साली गेले. जायच्या आधी त्यांनी देवमनला एकच सांगितलं होतं, की लिहिणारा हो, नेणारा होऊ नको. आणि बाप गेल्यावर सहा वर्षांनी त्याने काय लिहिलं?

खोलीवर येऊन तो कॉटवर बसला. खालच्या अंगणात कुणी तुरीच्या शेंगा सोलत होतं, त्यांचा टपटप आवाज येत होता. त्याला छप्पन्न सालचा आश्विन आठवायचा नव्हता. पण आठवण कचेरीसारखी नसते. तिला दारावर चपराशी ठेवता येत नाही. नागपूरहून माणसं दीक्षा घेऊन परत आली होती. जुन्या शहराच्या टोकाला, मोर्णेच्या काठावरची ती पन्नास-साठ घरांची वस्ती आठ दिवस जमिनीवर नव्हतीच. देवमन बावीस वर्षांचा, कॉलेजातून सुटीवर आलेला, वस्तीत एकटाच इतका शिकलेला. त्याच्या अंगावर पांढरा सदरा होता आणि त्या सदऱ्याचं त्याला भान होतं. दुपारी पातूरहून एक माणूस सायकल हाणत आला. त्याच्याकडे ठरावाचा कागद होता. आता घरातल्या जुन्या देवांचं काय करायचं, ते त्यात पंचांनी शिसपेन्सिलीने लिहिलेलं. कागद एकच, आणि तो दिवस मावळायच्या आत बोरगावला पोचवायचा होता. नक्कल करून घ्या, तो म्हणाला. सगळ्यांनी देवमनकडे पाहिलं.

तो आपल्या दाराशी पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहायला बसला. त्याच्या खांद्यामागे श्रावण उभा होता. सूतगिरणीत काम करणारा, चौथी पास, यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय असल्याने वस्तीभर ऐकू जाईल असा गळा. देवमनने ओळ संपवली की शाई वाळायच्या आत श्रावण ती मोठ्याने वाची, आणि दारोदारी उभी असलेली माणसं ऐकून लगेच आत वळत. पोथ्या सोडाव्यात. आतून पोथ्या आल्या. ताईत-गंडे सोडावेत. बायांनी पोरांच्या गळ्यातले दोरे तटातट तोडले. देव्हाऱ्यातले टाक सोडावेत. टोपल्या भरून माणसं मोर्णेकडे निघालीसुद्धा, आणि देवमनचा हात अजून निम्म्या कागदावर होता. तसा आनंद त्याने आयुष्यात पुन्हा घेतला नाही. आपण लिहितोय आणि जग तसं होतंय. सोडाव्यात, सोडावेत, सोडावेत. हाताला त्या शब्दाचं वळण लागलं. पुढची ओळ त्याने तशीच उतरवली, "मेलेल्या लेकरांच्या खुणा सोडाव्यात, त्या देव नव्हेत." श्रावणने वाचली. देवमनने पुढची लिहायला घेतली.

मूळ कागदावर होतं, "मेलेल्या लेकरांच्या खुणा सोडू नयेत, त्या देव नव्हेत."

दोन्ही वाक्यांना अर्थ होता. वाईट तेच होतं. नुसतीच विसंगत चूक असती तर श्रावण अडखळला असता, कुणी तरी म्हटलं असतं, अरे पुन्हा वाच. पण ते वाक्य धडधाकट होतं, जवळजवळ शहाणपणाचं होतं. सगळा कागद उतरून झाल्यावर, पातूरच्या माणसाला मूळ परत द्यायच्या आधी, देवमनने दोन्ही कागद शेजारी धरून ओळीवर ओळ ताडून पाहिले. बाप सांगे, नक्कलनवीस असंच करतो. तेव्हा त्याला दिसलं. त्याने वर पाहिलं. माय घरात नव्हती. देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला मैनीचे चांदीचे वाळे सुताने बांधलेले असत, तिथे नुसतं सूत लोंबत होतं.

मैना त्याची बहीण. तो आठ वर्षांचा असताना ती झाली आणि आठ-नऊ महिन्यांत गेली. तिचं तोंड त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती गोधडीवर उताणी पडून स्वतःचा पाय दोन्ही हातांनी तोंडाशी ओढायची आणि पायातला वाळा चावायची, आणि त्यावर मायचं हसणं. ते हसणं पुढे मायने कुणासाठी वापरलं नाही. मैनीचा एक फोटो नाही, कुठे नाव लिहिलेलं नाही. ते दोन वाळे म्हणजे मैना. तो धावत नदीकडे गेला तेव्हा माय परत येत होती, लुगडं घोट्यापर्यंत ओलं. त्याला पाहून ती म्हणाली, "सोडले, बाबू. बरोबरच लिवलं हाय. देव नव्हते ते. उगाच बांधून ठिवले होते मी." आणि तिने त्याच्या डोक्यावरून ओला हात फिरवला. लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून.

घरी येऊन त्याने कागदावर ते शब्द खोडले आणि वर नीट अक्षरात "सोडू नयेत" लिहिलं. तो कागद पुढे विहारात काचेत लावला. अजून आहे, खाडाखोडीसकट, अगदी बरोबर. ऐकून झालेला कागद कोण वाचतो? त्या दिवशी वस्तीत आणखी कुणाकुणाचं काय गेलं, हे त्याने विचारलं नाही. आणि मायला सांगायचं वाक्य त्याने त्याच संध्याकाळी मनात तयार केलं. मग दर सुटीत तयार केलं. एम. एस्सी. झाला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा. शंभर वेळा आत लिहून झालं आणि शंभर वेळा आतल्या आत मोडलं. शिकणं म्हणजे आपल्याभोवती एक भिंत बांधत जाणं, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं. आत सगळं नीट, ताडून पाहिलेलं, आणि बाहेर काही नाही. वस्तीत मात्र अजून अंगणातच सगळं. मनात आलं की तोंडात, तोंडात आलं की हातात. तो गेला की बाया म्हणत, देवमन भारी गुमान राहाते व, सायेब झाला. ते कौतुक नव्हतं.

रविवारी सकाळी तो अकोल्याच्या गाडीत बसला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लागले होते. त्याने वाक्य पुन्हा तयार केलं, वर्गात सांगतो तसं सोपं. माय, मैनीचे वाळे नदीत सोडायचे नव्हते. कागदात लिहिलं होतं, ते ठिवायचे. मी लिहिताना चुकलो. तीनच तुकडे, लेकरालाही समजतील.

माय ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. आता दुसऱ्या डोळ्यावरही साय आली होती. पावलावरूनच तिने त्याला ओळखलं आणि मागल्या आयतवारी काहून आला नाही, वाळला किती, सून पाहून राहिलो तर तू हो म्हणत नाही, असं सगळं एका दमात सांगून झालं. शेजारची चतुराबाई भिंतीपलीकडून खोकली, म्हणजे तीही ऐकत होती. देवमन पायरीवर बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "माय, मैनीचे वाळे हायेत ना, ते नदीत सोडायचे नव्हते—"

मायचा हात सुपात थांबला. तिचं तोंड त्याच्याकडे वळलं आणि त्या तोंडावर जे उगवलं, ते त्याने मैना गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिने वाक्याचा वरचा तुकडा वाचला होता आणि काम सुरू केलं होतं. "तुयाजवळ हायेत," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "तू आला होता धावत नदीवर. तू काढले पाण्यातून. मले वाटलंच होतं कदी कदी. इतकी वर्सं लपून ठिवले, माय रागावन म्हणून." आणि सूप बाजूला सारून भिंतीकडे, "चतुरा! अवो आयकलं का? मैनीचे वाळे देवमननं काढून ठिवले व पाण्यातून!"

तो म्हणाला, "माय, आयक, तसं नाही—" पण चतुराबाई आलीच होती, तिच्यामागे तिच्या दोन सुना आल्या, कुणी तरी श्रावणलाही हाक मारली. श्रावण आता गिरणीतून कमी झाला होता, पण गळा तोच होता, आणि त्याने पलीकडच्या ओळीला बातमी दिली. चतुराबाई म्हणाली, पाय बाई, शिकेल पोराचं काळीज कसं राहाते, आमच्या गध्यांनी तं सगळंच वाहून टाकलं. ती हसत म्हणाली. तिच्या घरातून त्या दिवशी काय वाहून गेलं होतं, ते देवमनला आत्ता पहिल्यांदा विचारावंसं वाटलं, आणि विचारता आलं नाही. माय त्याचा हात धरून होती. "अमरावतीले हायेत ना?"

"हो," तो म्हणाला. बारा वर्षांत एवढंच बाहेर आलं.

"आण पुढच्या आयतवारी. मले दिसत नाही, पण बोटाले समजते. तिच्या दाताची खूण हाय त्याच्यावर."

सोमवारी वर्गात त्याने कौशल्येला उत्तर दिलं. जिवाणूत नक्कल चुकली तर चुकीचीच वस्तू तयार होते, थांबवणारं कुणी नाही. पण त्यात फार बिघडत नाही. कारण ती नक्कल दोन-तीन मिनिटांत मोडून जाते आणि मूळ कागद शाबूत असतो. त्याच्यावरून पुन्हा नक्कल होते, ती बरोबर निघते. केंद्रकवाल्यांच्या नकला मात्र चिवट. तासन्‌तास, काही तर दिवसेंदिवस टिकतात. कौशल्येने लिहून घेतलं. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आणि मूळ कागदच नसेल तर?" वर्ग हसला. तिलाही हसू आलं. देवमन म्हणाला, मग नक्कल म्हणता येत नाही.

गुरुवारी तो सराफ्यात गेला. दुकानदाराने विचारलं, नमुना आणला का. नमुना नाही, तो म्हणाला, आणि हवेत बोटांनी गोल करून दाखवला. इतका, पोकळ नाही, तोंड उघडं, टोकाला गाठ. तशी घडाई आता कोण करतो, दुकानदार म्हणाला, आणि मोडीत आलेल्या जुन्या चांदीची थैली ओतून त्याने ढिगातून एक जोड काढून दिली. कुण्या दुसऱ्याच लेकराचे होते. घासून गुळगुळीत झालेले. कुठे काही खूण नाही. हे लेकरू मोठं झालं असेल, बायको-पोरांचं झालं असेल, असं देवमनने घाईघाईने मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी अकोल्याला उतरून तो पायी निघाला. मोर्णेच्या पुलाशी आला तेव्हा उन्हं वर आली होती. पात्रात पाणी म्हणायला एक पट्टा होता, बाकी दगड आणि धुणी. तो काठच्या पायऱ्यांवर उतरून धुण्यांपासून लांब बसला. इथेच कुठेतरी, गाळात, वीतभर किंवा हातभर खाली, मूळ होतं. खिशातून त्याने एक वाळा काढला, इकडे-तिकडे पाहिलं, तोंडात धरला आणि चावला. चांदी मऊ असते म्हणतात, तितकी ती नव्हती. चौतीस वर्षांचा, पांढऱ्या सदऱ्यातला, जीवशास्त्राचा अधिव्याख्याता पुलाखाली बसून दाढा आवळत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते जबड्याच्या कळीमुळे. दुसऱ्या खेपेला ठसा उमटला. त्याने रुमालाने थुंकी पुसली. दुसरा वाळा कोराच ठेवला. मैनी एकच पाय तोंडाशी न्यायची, हे त्याला पक्कं आठवत होतं.

मायने अंघोळ करून धुवट लुगडं नेसलं होतं. जुन्या जागी खिळा होता, आणि आज त्याला नवं सूत बांधून ठेवलं होतं. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि देवमनने तिच्यात वाळे ठेवले. कोरा वाळा तिने चाचपून मांडीवर ठेवला. दुसरा घेतला. अंगठा आतून, तर्जनी बाहेरून, अशी ती हळूहळू गोलावर फिरवत गेली. खुणेपाशी बोटं थांबली. मागे गेली, पुन्हा आली. खालच्या अंगाला दोन खोलगट ठसे. आणि त्यांच्यासमोर, वरच्या अंगालाही.

तिचं तोंड जराही हललं नाही. मग ती इतक्या हळू बोलली, की भिंतीपलीकडे काय, ओट्यावरही ऐकू गेलं नसतं. "तिले खालचेच दोन आले होते, बाबू. वरचे दात तिले यायचे होते."

आधी खालचे दोन, मग महिना-दोन महिन्यांनी वरचे. हा क्रम त्याने दर वर्षी फळ्यावर लिहिला होता.

तेवढ्यात चतुराबाई आली. काय व, तेच हायेत का? माय म्हणाली, "तेच हायेत." आणि वाळा पुढे केला. चतुराबाईने तो उजेडात धरला, दातांची खूण पाहिली, डोळ्यांना पदर लावला आणि लेकराचे दात दाखवायला बाहेर घेऊन गेली. श्रावणचा आवाज ओळीतून पुढे पुढे जात राहिला.

घरात दोघंच उरली. देवमनला जाणवलं, की मायने काहीतरी आत ठेवलं, आणि दार लावून घेतलं. असं त्या घरात यापूर्वी कधी झालं नव्हतं. तिने मांडीवरचा कोरा वाळा दोन बोटांत फिरवला. दोन्ही पांढुरके डोळे त्याच्याकडे होते.

"मागच्या आयतवारी तू कायतरी सांगून राहिला होता," ती म्हणाली. "मी मंधातच बोललो. सांग आता. पुरं आयकतो."

आणि ती थांबली. हात मांडीवर, मान किंचित कलती. वाक्य पुरं व्हायची वाट बघत. वाक्य त्याच्याजवळ तयार होतं. तीन तुकड्यांचं, ताडून पाहिलेलं, कानामात्रेचीही चूक नसलेलं. बाहेर चतुराबाईच्या सुना हसत होत्या. त्याच्या जिभेवर अजून त्या परक्या चांदीची चव होती.

"काही नाही, माय," देवमन म्हणाला.